कॅनडाच्या गायकांवर आमच्या गल्लीचं मत

कॅनडात सगळ्यात चांगलं कोण गातं, या प्रश्नावरून आमच्या गल्लीत दोन आठवडे बोलचाल बंद होती, असं मी शाळेत सांगितलं तेव्हा स्टाफरूममधले सगळे हसले. हसू देत. कर्नाटकात बिदरकडच्या हळ्ळीखेड (बी) मधल्या लोकांना कॅनडाचं काय पडलंय, असं कुणाला वाटलं तर त्यात त्याची चूक नाही. पण भांडण झालं हे खरं, आणि ते वाढवलं मीच, हेही खरं.

सुरुवात पोरांनी केली. एप्रिलातली जयंती जवळ आली की आमच्या गल्लीतल्या तरुण मंडळाला ऊत येतो. वर्गणी, निळे झेंडे, पताका, साउंड. आमची गाणी तर वाजणारच, पण मिरवणूक परत आल्यावर पोरांना नाचायला अर्धा तास मिळतो, त्यात कुणाचं गाणं लावायचं यावर दरवर्षी खडाजंगी. यंदा दोन तट पडले. बिदरला इंजिनिअरिंगला असणाऱ्या पोरांच्या वर्गात पंजाबी पोरं आहेत, त्यामुळे यांना कॅनडात राहणारा एक पंजाबी गायक देव वाटायला लागलाय. त्याच्या गाण्यात गाड्या, ट्रॅक्टर आणि दुश्मन, एवढंच मला समजलं. हुमनाबादच्या कॉलेजात जाणाऱ्या पोरींना हवा होता कॅनडातलाच एक गोरा. तो इंग्रजीत प्रेमात पडतो आणि लगेच रडायला लागतो. शेवटी कुणीतरी मंडळाच्या ग्रुपवर मतदान टाकलं: आपला आवडता कॅनडाचा गायक कोण?

इथपर्यंत माझा काही संबंध नव्हता. संबंध आणला आमच्या समोरच्या मावशीनं. मावशी सत्तरीच्या पुढची, आमच्या वडिलांच्या गायन पार्टीत एकेकाळी कोरसला बसायची. सकाळी मी भाकरी करत असताना ती दारात येऊन उभी राहिली.

"बाई, मतदान चाललंय म्हणं. माझं नाव यादीत हाय का न्हाई?"

मी प्राथमिक शाळेत शिक्षिका. मतदारयादी, जनगणना, गल्लीत कोण जन्मलं आणि कोण गेलं, सगळ्या वह्या माझ्याकडे. त्यामुळे नाव यादीत नसलं की लोक माझंच दार ठोठावतात. मी म्हटलं, "मावशी, ते पोरांचं आहे. मोबाईलवरचं. कॅनडाच्या गायकांचं."

"तेच तर म्हणायले मी. आपली धाकली सोडून कॅनडात गातंय कोण?"

माझा हात तव्यावरच थांबला.

धाकली म्हणजे माझी बहीण. माझ्याहून सहा वर्षांनी लहान. नवऱ्याच्या नोकरीमागे कॅनडाला गेली त्याला आता बरीच वर्षं झाली. टोरांटोजवळच्या एका गावात ती म्हाताऱ्या माणसांच्या आश्रमात काम करते, त्यांना जेवू घालते, आंघोळ घालते. त्याआधी ती आमच्या गल्लीचा आवाज होती.

आमचे अप्पा गवंडी. दिवसभर भिंती बांधायचे आणि दिवे लागले की विहाराच्या ओट्यावर पेटी घेऊन बसायचे. पार्टी त्यांनीच काढलेली. गाणीही तेच रचायचे. मुख्य गायकाच्या जागी धाकली बसायची, वयाच्या नवव्या वर्षापासून. मी कोरसमध्ये. लोक ज्याला साथ म्हणतात ती मी आयुष्यभर केली. धाकली ओळ सोडायची, आम्ही ती उचलायची. तिनं अंतरा म्हणायचा, आम्ही धृपदावर यायचं. लोक टाळ्या तिला द्यायचे. मला वाईट वाटत नव्हतं असं लिहिलं तर ते खोटं होईल. पुष्कळ वाटायचं. एकदा मी अप्पांना विचारलंही होतं की मला पुढे कामून बसवत नाही. अप्पा म्हणाले, "भिंतीला दर्शनी दगड एकच बाजू असतोय गं. आतनं भरणी नसली तर तो पडतोय." तेव्हा मला राग आला होता. कुणाला भरणी व्हायचं असतं?

पण अप्पांचा एक नियम मात्र माझ्या हाडात बसला. मुख्य गायकाचा दम तुटला, ठसका लागला, शब्द विसरला, काहीही झालं तरी ओळ खाली पडू द्यायची नाही. कोरसनं ती तिथल्या तिथे उचलायची, ऐकणाऱ्याला कळलंसुद्धा नाही पाहिजे. सरावात अप्पा धाकलीला मुद्दाम मधेच गप्प बसायला लावायचे आणि आमच्याकडे बघायचे. कुणी अर्धा क्षण उशीर केला की पेटीवरचा हात काढून घ्यायचे.

कॅनडाला गेल्यावरही धाकली दर जयंतीला गायची. फोन माइकला लावायचा, आणि ती तिकडून अप्पांचं गाणं म्हणायची. अप्पा गेले त्या वर्षीसुद्धा म्हणाली. त्यामुळे मावशीचा प्रश्न बरोबरच होता. आमच्या गल्लीतल्या अर्ध्या लोकांच्या दृष्टीनं कॅनडाची गायिका एकच.

आता मी काय करायला हवं होतं ते सांगते. "मावशी, जाऊ द्या," म्हणून मी भाकरी उलटायला हवी होती. कारण एक गोष्ट मला ठाऊक होती आणि गल्लीत दुसऱ्या कुणालाही नव्हती. दिवाळीनंतर धाकलीच्या गळ्याचं ऑपरेशन झालं होतं. थायरॉइडची गाठ. गाठ साधी निघाली, जिवावरचं टळलं, पण आवाज गेला. बोलता येत होतं, घोगरं. वरचा सूर मात्र संपला. तिनं मला शपथ घातली होती, "अक्का, कुणाला बोलायचं न्हाई. लोकांच्या कानात माझा जुना आवाज हाय, त्यो तसाच राहू दे."

हे सगळं माहीत असून मी पेटले. मावशीकडे स्मार्टफोन नाही म्हणून तिला मत नाही, हे मला खपेना. माझा स्वभाव तसाच आहे, नियमाला धरून अन्याय झाला की मी नियमाला धरूनच भांडते. मी मंडळाच्या अध्यक्षाला बोलावलं. तो माझाच विद्यार्थी, चौथीत पाढे चुकवायचा. त्याला म्हटलं, ज्यांच्याकडे फोन नाही त्यांचंही मतदान होईल, रविवारी सकाळी, विहाराच्या ओट्यावर, चिठ्ठ्यांनी. आणि उमेदवार तीन. तो म्हणाला, "बाई, तिसरं कोण?" मी बहिणीचं नाव सांगितलं. तो डोकं खाजवून म्हणाला, "व्हय की, त्याबी कॅनडातच हायत."

रविवारी मी खारीचा रिकामा डबा ठेवला, झाकणाला चीर पाडून. बायकांनी बोटाला शाई पाहिजेच म्हणून हट्ट धरला, तेव्हा शाळेच्या शिक्क्याची शाई आणली. आणि सगळ्यांना मत देण्याआधी तिन्ही गायक ऐकावे लागतील असा नियम केला. अध्यक्षानं फोनवर पहिल्या दोघांची गाणी वाजवली. तिसरीचं वाजवायची गरज पडली नाही.

आमच्या गल्लीची मतं अशी होती. पंजाबी गायकाबद्दल मावशी म्हणाली, "ह्यो भांडायलाय का गायलाय?" गोऱ्याबद्दल दुसरी एक म्हणाली, "लेकरू चांगलंय, पण त्याच्या आईनं त्याला जेवायला घालावं." तिसरीला वेगळीच शंका. "बाई, तिकडं एवढी थंडी. तोंड उघडलं की बर्फ जात असंल ना आत? कसं गात असतील?" त्यावर सगळ्याच थोडा वेळ गंभीर झाल्या. कोपऱ्यावरच्या किराणा दुकानाचे अण्णा आमच्या गल्लीतले नव्हेत, मतदार तर मुळीच नव्हेत, पण ते दुकान पोराच्या हवाली करून आले. त्यांच्या बोळात फोनमधून येणारा धाकलीचा आवाज दर जयंतीला ऐकू जायचा. चिठ्ठी डब्यात टाकत ते कानडीत म्हणाले, "नम्म हुडुगी." आपली पोरगी. मी त्यांच्याही बोटाला शाई लावली.

धाकली मोठ्या फरकानं निवडून आली. मी निकाल मोठ्यानं वाचला, आणि तिचं नाव वाचताना मला जे वाटलं त्यासाठीच मी हे सगळं केलं होतं, हे मला तिथेच कळलं. ऑपरेशननंतर ती एकदा म्हणाली होती, "अक्का, हितं कुणाला ठाऊकच न्हाई मी गात हुते म्हणून. आवाज गेला तरी कुणाला कळलं न्हाई." ते वाक्य माझ्या मनातून जात नव्हतं. मला तिचं नाव चारचौघांत, टाळ्यांसकट ऐकायचं होतं. एवढंच.

पण पोरांनी हार फार दिलदारपणे घेतली. तिथेच घात झाला. अध्यक्ष उभा राहून म्हणाला, "बाई, ठरलं तर. औंदा फोन माइकला लावायचा न्हाई. मोठा पडदा लावू. विजेत्या गायिकेचं गाणं सगळ्यांनी डोळ्यांनी बघायचं." ओट्यावर टाळ्या पडल्या. मावशी तर रडायलाच लागली. मी शाईचं डबडं हातात धरून तशीच उभी राहिले. आपल्याच हातानं पायावर धोंडा पाडून घेणं म्हणतात ते हेच.

दोन दिवस मी फोन केला नाही. तिसऱ्या दिवशी तिचाच आला. बातमी तिच्यापर्यंत पोचली होती, गल्लीतल्या पोरींनी अभिनंदनाचे फुलांचे फोटो पाठवले होते.

"कामून केलीस असं?" ती म्हणाली. त्या घोगऱ्या आवाजाची मला अजून सवय नव्हती. "तुला सगळं ठावं हुतं अक्का."

मी काहीबाही बोलत राहिले. तिनं फोन ठेवला. थोड्या वेळानं तिचा एक आवाजी मेसेज आला. मी शाळेच्या मागे, जिथं पोरं जेवून ताटं धुतात, तिथं जाऊन ऐकला. तिनं अप्पांचं गाणं म्हणून बघितलं होतं. दोन ओळीही पुऱ्या झाल्या नव्हत्या. शेवटी ती म्हणाली, "हे ऐकवायचं का लोकास्नी?" मी नळ सोडून तोंड धुतलं आणि पाचवीच्या वर्गावर गेले. त्या दिवशी मी पोरांना विनाकारण रागावले.

संध्याकाळी मी तिला एक तोड सुचवली. जुनं रेकॉर्डिंग होतं माझ्याकडे. ते साउंडवर लावू, तू पडद्यावर नुसते ओठ हलव. कुणाला कळणार नाही.

ती म्हणाली, "अप्पानं हेच शिकवलं का आपल्याला?"

मला इतकी लाज आयुष्यात फार थोड्या वेळा वाटली आहे. मी म्हटलं, उद्याच मी पोरांना खरं सांगते आणि कार्यक्रम रद्द करते.

"न्हाई," ती म्हणाली. "मीच सांगते. पडद्यावर येते, सगळ्यास्नी एकदा बघते, आणि सांगते की आता माझ्याच्यानं व्हत न्हाई. पुढल्या वर्षापासनं फोन लावू नका म्हणावं. उगं कशाला लावायचा?"

आजवर जयंतीच्या संध्याकाळी धाकली आमच्या गल्लीत असायची. शरीरानं नसली तरी असायची. आता ती स्वतःच्या तोंडानं निरोप घेणार होती, आणि तिला त्या पडद्यापर्यंत नेऊन उभं केलं होतं मी.

जयंतीच्या संध्याकाळी विहारासमोर पडदा बांधला. प्रोजेक्टर शाळेचा, मीच सही करून आणलेला. आमचे साडेसहा म्हणजे तिची सकाळ. बायका पुढे, पुरुष मागे, आणि सगळ्यात मागे भिंतीला टेकून मंडळाची पोरं, फोन वर धरून. ओट्यावर पार्टीतले उरलेसुरले चौघं बसलो होतो. मी, मावशी, टाळवाली आणि ढोलकीवाले काका. पेटी अप्पांची, पण ती झाकून ठेवलेली. ती वाजवणारं आता कुणी नाही.

धाकलीचा चेहरा पडद्यावर आला तेव्हा लोक टाळ्या वाजवायचंही विसरले. पांढरी साडी नेसली होती. मागे खिडकी, खिडकीत करडं आभाळ. गळ्याभोवती तिनं पदर घेतला होता, आणि तो का घेतलाय हे फक्त मला कळत होतं. ती सगळ्यांकडे बघत राहिली. बोलणं दोन सेकंद उशिरा पोचत होतं, त्यामुळे आम्ही हसलो की ती जरा थांबून हसायची. मग तिनं हात जोडले, श्वास घेतला, सांगायला तोंड उघडलं.

आणि काकांनी ढोलकीवर थाप मारली.

त्यात त्यांचा दोष नव्हता. ती हात जोडून श्वास घ्यायची आणि काका सुरुवात करायचे, हे लहानपणापासून ठरलेलं. पन्नास-साठ हात गुडघ्यांवर ताल धरायला लागले. मी धाकलीकडे बघत होते. तिच्या चेहऱ्यावर आधी गोंधळ दिसला, मग ती भित्र्या पोरीसारखी इकडेतिकडे बघायला लागली. मग तिनं डोळे मिटले आणि गायला लागली.

गाणं अप्पांनी आम्हा दोघी बहिणींसाठी रचलेलं. "ऊठ गं लेकी, उजाडलं, पाटी तुझी वाट बघती." सूर खूप खालून आला, घोगरा, खरखरीत. पुढच्या रांगेत बायकांनी एकमेकींकडे बघितलं. "उजाडलं" तिनं कसंबसं पार केलं. "पाटी" वर सूर वर जातो. तिथं आवाज फुटला आणि थांबला.

ओळ पडत होती. उचलणं माझं काम होतं. चाळीस वर्षांत मी एकदाही चुकले नव्हते. पण मी रडत होते, आणि तोंड उघडूनही काही निघेना. मावशी माझ्याकडे बघत होती, माझ्यामागून यायची तिची सवय. काका वाजवत होते.

ओळ मागून आली. भिंतीजवळून. ज्यांनी पंजाबी गायकाला मत दिलं होतं ती पोरं, गोऱ्यासाठी भांडलेल्या पोरी, सगळ्यांनी एकदम उचलली. "पाटी तुझी वाट बघती." बेसूर होती, पण ताल सुटला नाही. त्यांना शब्द येतात हे मला ठाऊकच नव्हतं. यांनी अप्पांना धड पाहिलंसुद्धा नाही. पण दर वर्षी माइकमधून येणारं ते गाणं ऐकतच ती मोठी झाली होती.

पडद्यावर धाकली मान खाली घालून बसली होती. तिच्याकडे अजून नुसती ढोलकीच पोचत होती, गाणं नाही. ते दोन सेकंद तिनं काय सोसलं असेल ते मी तिला कधी विचारलं नाही. मग तिची मान वर आली. तिला ऐकू गेलं होतं. ती तोंडावर पदर दाबून रडली, आणि पदर खाली सरकला तेव्हा गळ्यावरचा व्रण सगळ्या गल्लीनं पाहिला. मावशी हळू आवाजात एवढंच म्हणाली, "आगं माय."

आता अंतरा होता. धृपद सगळ्यांना येतं, अंतरे कुणाला येत नाहीत. ते मुख्य गायकाचे. काकांनी ढोलकी चालूच ठेवली. धाकलीनं कॅमेऱ्याच्या अगदी जवळ येऊन म्हटलं, "अक्का, म्हण."

मी मान हलवली. नाही म्हणून.

"म्हण गं. मी साथ करते."

मग मी म्हटला. चांगला म्हटला असं नाही. माझा आवाज सपाट आहे, हे मला माहीत आहे आणि अप्पांना तर आधीपासून माहीत होतं. पण सगळे शब्द मला पाठ होते. एवढी वर्षं मागे बसून मी तिचा प्रत्येक अंतरा मनातल्या मनात म्हटला होता. ओळ संपली की धृपदावर साथ हवी. गल्ली तोंड उघडणार, एवढ्यात काकांनी डावा हात वर करून सगळ्यांना थांबवलं. साथ धाकली करणार होती, आणि तिची साथ यायला वेळ लागणार होता. काका उजव्या हातानं नुसता ठेका धरून राहिले.

मग ती आली. घोगरी, खालच्या सुरातली, थोडी उशिरा. "पाटी तुझी वाट बघती."

सहा अंतरे आहेत त्या गाण्याला. दर अंतऱ्यानंतर सगळी गल्ली गप्प बसून तिची वाट बघत होती, पोरंसुद्धा, आणि दर वेळी ती आली.